चाळीसचा गठ्ठा

"अहो मॅडम, बसून बोला ना," संचालक म्हणाले. "तुम्ही अशा येरझाऱ्या घालता आणि गरगरतं मला."

मेळबाई बसल्या नाहीत. हातातल्या पेनाचं टोपण काढत, लावत, पुन्हा काढत त्या खिडकीपासून दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"साहेब, या यादीवर मी सही करत नाही."

"आता? अकरा वाजलेत. चार वाजता निकाल जाहीर करायचाय. बाहेर सगळ्यांना सांगून बसलोय मी."

"माहीत आहे मला."

"आणि मेळ तर सोन्यासारखा बसलाय! एक पूर्णांक शून्य दोन. तुम्हीच काल दाखवलंत. इतका चांगला आकडा गेल्या पाच वर्षांत आला नव्हता."

"सगळ्या पेपरचा बसलाय, साहेब. या अडतीस मुलांचा नाही बसत."

"म्हणून तर त्यांना रोखायचं! नियम तुमचाच आहे की."

एवढं बोलून साहेबांनी फोन उचलला, म्हणजे भेट संपली. मेळबाई यादी घेऊन बाहेर पडल्या.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. परीक्षा मंडळात काही माणसं प्रश्न काढत, काही उत्तरं तपासत, आणि मेळबाई या दोघांवरही संशय घेत. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला त्यांची खोली. सव्वीस वर्षं त्या एकच काम करत होत्या: संख्याशास्त्राचं मॉडेल काय म्हणतं आणि मुलांनी खरोखर काय लिहिलं, यांचा मेळ बसतो का ते पाहायचं. कुणी विचारलंच तर त्या फार सोपं करून सांगत. प्रत्येक प्रश्नाचा एक अवघडपणा असतो, प्रत्येक मुलाची एक तयारी असते. तयारी जास्त आणि प्रश्न सोपा, तर उत्तर बरोबर येण्याचा संभव मोठा. मॉडेल म्हणजे एवढाच अंदाज. तो एका बाजूला ठेवायचा, मुलाचं उत्तर दुसऱ्या बाजूला, आणि तफावत मोजायची. सगळं अंदाजाप्रमाणे चाललं तर मेळाचा आकडा एकाच्या आसपास येतो. एखाद्या मुलाचा आकडा दोनच्या पुढे गेला, की त्याचं नाव 'बेमेळ' यादीत जातं.

बेमेळ म्हणजे सोपे प्रश्न चुकलेले आणि अवघड बरोबर आलेले. असं कुणाचं होतं? अवघड प्रश्नांची उत्तरं ज्याला कुणीतरी पुरवली आहेत त्याचं. एकाच केंद्रातली दहापेक्षा जास्त मुलं या यादीत आली, तर त्यांचे निकाल रोखायचे आणि चौकशी लावायची. नियम बारा वर्षांपूर्वीचा होता. लिहिला मेळबाईंनीच, आणि तेव्हा त्यांना त्याचा फार अभिमान वाटला होता.

पण आज सकाळी यादी हातात आली तेव्हापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सगळे एकाच केंद्रातले आणि बैठक क्रमांक ओळीनं होते. चारशे एक्केचाळीसपासून चारशे ऐंशीपर्यंत, मधले दोन सोडून सगळे. एका खोलीत तीस मुलं बसतात. म्हणजे यातली पहिली दहा पंधराव्या खोलीतली आणि बाकीची सोळाव्या खोलीतली. पंधराव्या खोलीत पुढं बसलेली वीस मुलं साळसूद, मागची दहा चोर, आणि भिंतीपलीकडची जवळजवळ अख्खी खोली चोर? कॉपी करणारा शेजारच्या बाकावर बघतो, भिंतीतून बघत नाही. दोन खोल्यांना मिळून लागू होईल असं काय होतं त्या दिवशी?

खोलीत येऊन त्यांनी मुलांची मूळ उत्तरं उघडली. बेरजा नाहीत, टक्के नाहीत, एकेका प्रश्नापुढचा एकेक चौकोन. पेपर साठ प्रश्नांचा, सोप्याकडून अवघडाकडे चढत जाणारा. मॉडेलला फक्त दोन गोष्टी कळतात, बरोबर आणि चूक, म्हणून मशीन रिकामा चौकोनही चूक धरतं. हेही बारा वर्षांपूर्वी ठरलेलं, आणि त्यानंतर कुणी त्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मेळबाईंनीही नाही.

पहिल्या मुलाचे एक ते दहा प्रश्न बरोबर होते आणि अकरा ते वीस रिकामे. दुसऱ्याचे बारापासून वीसपर्यंत रिकामे. तिसऱ्याचे नवापासून. त्या खाली सरकत गेल्या. अडतीसच्या अडतीस मुलांनी पेपरातले सोपे प्रश्न चुकवले नव्हते, ते त्यांनी सोडवलेच नव्हते.

"सोपे प्रश्न कोरे कोण टाकतं?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. खोलीत कुणीच नव्हतं, तरी म्हणाल्या. "चोरसुद्धा नाही टाकणार."

आणि मग त्यांना कुणाचा तरी आवाज आठवला. 'पहिला प्रश्न तिला शेवटी सापडला, बाई.'

त्या उठल्या त्या जवळजवळ धावतच. जिन्यापाशी भिंतीला लागून एक लांब बाक होता. इतकी वर्षं त्या बाकाजवळून जाताना मेळबाई भरभर चालत, आणि का ते स्वतःलाही सांगत नसत. बारा वर्षांपूर्वी त्या बाकावर एक बाई तीन दिवस बसून होती. पिशव्या शिवायचं काम करायची. तिच्या मुलीचं नाव यादीत आलं होतं. पहिलीच यादी ती, सदतीस नावांची. तिसऱ्या दिवशी मेळबाईंनी तिला आत बोलावलं होतं.

"माझी मुलगी म्हणते, पहिला प्रश्न तिला शेवटी सापडला, बाई."

"म्हणजे काय?"

"ते मला नाही कळत. ती म्हणते तेच सांगतेय."

"पानं नीट उलटली नसतील तिनं. हे बघा, मशीनला तुमची मुलगी कोण ते ठाऊक नाही. ते कुणावर डूख धरत नाही."

बाईनं मान हलवली होती आणि एक आठ ओळींचा अर्ज टेबलावर ठेवून निघून गेली होती. अर्जाच्या कोपऱ्यात मेळबाईंनी लिहिलं: मुद्दा ग्राह्य नाही. चौकशीत कुणालाच काही सिद्ध करता आलं नाही, ना कॉपी केल्याचं, ना न केल्याचं, आणि निकाल रद्द झाले.

तळमजल्याच्या गोदामात वापरलेल्या प्रश्नपत्रिका निकाल लागेपर्यंत ठेवत. गोदामवाला डबा उघडून बसला होता.

"जेवू द्या की, मॅडम. गठ्ठे काय पळून जातायत?"

"बाराव्या क्रमांकाचा गठ्ठा काढा. हे केंद्र." त्यांनी चिठ्ठी पुढे केली.

"सील तोडायला साहेबांची सही लागते."

"माझी चालेल. मी घेते अंगावर."

गोदामवाल्यानं त्यांच्याकडं पाहिलं. बाई टोपण काढत होत्या, लावत होत्या. त्यानं हात धुतले आणि शिडी लावली.

"एका गठ्ठ्यात चाळीसच असतात ना?"

"चाळीस. कायम चाळीसच. छापखान्यातून तसेच बांधून येतात, आणि केंद्रावर तसेच ओळीनं वाटतात."

चाळीस गुणिले बारा, चारशे ऐंशी. मेळबाईंनी सील तोडलं आणि वरची प्रश्नपत्रिका उघडली. मुखपृष्ठावर सूचना होत्या. पान उलटलं, तर समोर प्रश्न एकेचाळीस. त्यापुढे साठपर्यंत, मग एकवीस ते चाळीस, आणि सगळ्यात शेवटी प्रश्न एक. पानं एकावर एक रचून पिना मारणाऱ्यानं तीन भाग उलटे लावले होते. एकच गठ्ठा असा. आधीचा ठीक, पुढचाही ठीक. तेही त्यांनी उघडून पाहिले.

"अरे बापरे," गोदामवाला म्हणाला. "पोरांनी सांगितलं नाही कुणाला?"

"घाबरलेली असतात हो. समोर जे आलं ते सोडवत बसली असतील. निम्मा वेळ अवघड प्रश्नांत गेला, सोप्यांपर्यंत पोचेपर्यंत घंटा झाली. दोघांनी तेवढी पानं चाळून एक नंबर शोधून काढला, ते सुटले."

"सांगितलं असतं एखाद्यानं, तर?"

मेळबाईंनी वरची प्रश्नपत्रिका उचलली आणि त्या जिन्याकडे वळल्या.

वर येऊन त्यांनी अडतीस मुलांचे ते कोरे चौकोन 'चूक' मधून काढले आणि 'पाहिलाच नाही' असं नोंदवलं. जे प्रश्न मुलापर्यंत पोचले तेवढ्यांवरच तयारी मोजायची. मॉडेलला हे करता येतं, सांगणारा पाहिजे. मशीनला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत त्यांनी खोलीत इतक्या फेऱ्या मारल्या की शेजारच्या विभागातून कुणीतरी भिंतीवर ठोकलं. आकडे आले. एक पूर्णांक एक, शून्य पूर्णांक नऊ, एक पूर्णांक शून्य चार. एकही नाव दोनच्या पुढे नव्हतं.

साहेबांनी उघडलेली प्रश्नपत्रिका पाहिली, आकडे पाहिले, मग घड्याळ पाहिलं.

"दोन लाख मुलांचा निकाल अडतीस पोरांसाठी थांबवू?"

"थांबवू नका. नवीन तयार आहे. यादी फाडा, एवढंच."

"आणि उद्या कुणी विचारलं, कोरे प्रश्न का गाळले, तर?"

"मी सांगेन. लेखी लिहून देते."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त चार वाजायच्या आत सगळं सुरळीत हवं असायचं. त्यांनी यादी फाडली आणि खुर्चीत मागं टेकले. "झालं? संपलं आता?"

"या वर्षीचं संपलं," मेळबाई म्हणाल्या. "बारा वर्षांपूर्वीचं राहिलंय."

"मॅडम, ते गठ्ठे कधीच रद्दीत गेले."

"उत्तरं आहेत. मी पाहिली आत्ता. एकशे एकवीस ते एकशे साठ, मधले तीन सोडून. चौथा गठ्ठा. आणि त्यांचेही सोपे प्रश्न कोरे."

"प्रश्नपत्रिका नाही, तर पुरावा नाही. मंडळाकडून एक ओळसुद्धा निघणार नाही, स्पष्ट सांगतो. सदतीस जणांचे निकाल रद्द केलेत आपण. आता काय, दार ठोठावत हिंडायचं?"

मेळबाई खिडकीपाशी गेल्या आणि परत आल्या. "रद्द आपण नाही केले. मी केले," त्या म्हणाल्या, आणि बाहेर पडल्या.

चार वाजून दहा मिनिटांनी निकाल लागला. खाली गाड्या, फोन, पेढे वाटल्यासारखे चेहरे. मेळबाई आपल्या खोलीत बारा वर्षांपूर्वीच्या त्या मुलीचा आकडा पाहत होत्या. तेव्हा दोन पूर्णांक सहा आला होता. कोरे चौकोन बाजूला काढल्यावर शून्य पूर्णांक सत्त्याण्णव. इतका चांगला मेळ त्यांनी क्वचितच पाहिला होता. मुलगी पास तर होतीच, पुढं जे शिकायचं होतं तिथं सहज बसली असती. मेळबाईंना लाज वाटली. दुसरा शब्द त्यांना सापडेना. मॉडेलनं काही खोटं सांगितलं नव्हतं. अंदाजाशी जुळत नाही, एवढंच ते म्हणालं होतं. का जुळत नाही, ते विचारायचं काम माणसाचं होतं, आणि उत्तर स्वतःच्या पायांनी चालत येऊन तीन दिवस बाहेर बाकावर बसलं होतं.

घरी त्यांचे यजमान शब्दकोडं सोडवत होते. मेळबाई चपला न काढताच बोलायला लागल्या, आणि बोलता बोलता स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून आत.

"अगं, टेक जरा," ते म्हणाले. हे वाक्य ते तीस वर्षं म्हणत आले होते. "आणि मग सांग."

"तसंच सांगते. मी उद्या त्यांच्याकडे जाणारे. अर्जावर पत्ता आहे."

"जाऊन काय सांगणार?"

"माझं चुकलं म्हणून."

"आणि ती म्हणाली, आता काय करू त्याचं, तर?"

"तर ऐकून घेईन. दुसरं काय करणार?"

यजमानांनी कोडं बाजूला ठेवलं. "येऊ का बरोबर?"

"नको. तुम्ही आलात की मी तुमच्याशीच बोलत राहीन."

दुसऱ्या दिवशी शनिवार, अर्धा दिवस. सकाळी मेळबाईंनी दोन पानांचा अर्ज लिहिला. संचालकांना उद्देशून, सदतीसही बैठक क्रमांकांसह: माझ्या पद्धतीत दोष होता, या मुलांनी गैरप्रकार केल्याचं दिसत नाही, प्रकरण पुन्हा उघडावं. खाली सही, हुद्दा, तारीख. आवक विभागातल्या बाईंनी शिक्का मारताना सहज वाचलं आणि शिक्का हातातच राहिला.

"मॅडम, हे तुमच्याच अंगावर येणार की."

"मारा शिक्का. आणि एका प्रतीवर पण मारा."

ती प्रत पिशवीत घालून त्या दुपारी निघाल्या. पत्ता जुना होता, पण माणसं तिथंच होती. दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच. खिडकीला लागून शिलाईचं मशीन, खाली कापलेल्या कापडांचे ढीग. बाईंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मान वर केली आणि मशीन थांबलं.

"तुम्ही," त्या म्हणाल्या.

"ओळखलंत?"

"तीन दिवस तुमचंच दार बघत बसले होते. विसरेन कशी?"

मेळबाईंनी वाटेत सगळं मनाशी जुळवून आणलं होतं. आता त्यातलं काहीच आठवेना. "तुमची मुलगी खरं सांगत होती," त्या म्हणाल्या. "पानं उलटी लागली होती. पहिला प्रश्न खरंच शेवटी होता. या वर्षीही तसंच झालं, म्हणून कळलं मला."

"कुणाचं चुकलं मग? छापणाऱ्याचं?"

"पानं लावणाऱ्याचं चुकलं. पण ते त्याच्यापाशीच राहिलं असतं. तुम्ही येऊन सांगितलंत आणि मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

बाईंनी अर्धवट राहिलेली शिवण मशीनखाली नीट सरकवली आणि शेवटपर्यंत नेली. दोरा तोडला. मेळबाई दारातच उभ्या होत्या. पाय हलायला बघत होते, पण त्या खोलीत फेऱ्या मारण्याइतकी जागा नव्हती.

"तिचा बाप दोन वर्षं तिच्याशी बोलला नाही," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "कॉपी करून पकडली गेली, असंच शेवटपर्यंत धरून चालला. मग आजारी पडला आणि गेला. मी सांगायचे, अहो, पोरगी तशी नाही. तर म्हणायचा, सरकारी मशीन काय खोटं बोलतंय?"

मेळबाईंनी पिशवीतून कागद काढून पुढे धरला. "हे मी मंडळाला दिलंय. त्याचं काय होईल ते मला सांगता येत नाही. पण त्यात लिहिलंय सगळं, माझ्या सहीनं."

बाईंनी हात पुढे केला नाही. "मला नका देऊ. माझ्या काय कामाचं ते? मी तर तेव्हाच खरं धरलं होतं. तिच्या हातात द्या."

"कुठे असते ती?"

"चष्म्याच्या दुकानात. काचा घासते. हुशार आहे, मालक तिच्याशिवाय कुणाला नाजूक काम देत नाही. सहाला सुटतं दुकान, मग घरी येते."

मेळबाईंनी घड्याळ पाहिलं. साडेतीन झाले होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मग मी नंतर येऊन..."

"नको," बाई म्हणाल्या. "आलायत तर थांबा. मी तुमची वाट बघत बसले, असं पुन्हा नको व्हायला."

त्यांनी उठून खुर्चीवरचा कापडांचा ढीग उचलला, कडेला ठेवला, आणि खुर्ची हातानं पुसली.

"बसा."

मेळबाई बसल्या. पेन हातात होतंच. त्यांनी त्याचं टोपण लावलं आणि ते पिशवीत टाकून दिलं. कागद मांडीवर सरळ ठेवला आणि वर दोन्ही हात ठेवले. बाईंनी नवी पिशवी मशीनखाली घातली. मध्ये एकदा त्यांनी पाणी आणून दिलं. चार वाजले, मग पाच. जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली, दारापाशी आली आणि वरच्या मजल्यावर निघून गेली. मेळबाईंनी मान वळवून पाहिलं आणि पुन्हा समोर बघत बसून राहिल्या. सहाला अजून वीस मिनिटं होती.